पोटाची साखळी

दार उघडलं तेव्हा भाऊजींच्या तोंडाला साबणाचा फेस होता आणि हातात वस्तरा. दारातल्या बाईने तो पाहिलाच नाही. तपास करणाऱ्या बाई इथेच राहतात ना, एवढं विचारून ती सरळ आत आली. तिच्या मागून तिचा नवरा आला, चपला बाहेर काढून, अंग चोरत.

वहिनी खिडकीशी बसून चहा पीत होत्या. विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या घरूनच खासगी तपास करत. भाऊजी हे त्यांचे दीर. गाडी चालवणं, फोन लावणं आणि काळजी करणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती, आणि त्यातलं तिसरं ते अगदी मनापासून सांभाळत.

बाईने धापा टाकत सांगितलं ते असं. तिचा धाकटा भाऊ ट्रेलरचा ड्रायव्हर. काल दुपारी पाइपांच्या यार्डात त्याचं मुकादमाशी भांडण झालं. माल चढवून घ्यायचं सगळं काम त्या मुकादमाच्या हाताखाली चाले. भांडण मिटलं म्हणेपर्यंत मुकादम ट्रेलरशेजारी पडलेला सापडला, जबडा फुटलेला, बेशुद्ध. आणि धाकट्याच्या हातात रक्त लागलेला लोखंडी पाइप.

"तो म्हणतो मी मारलं नाही. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता हो. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, मला लांबूनही कळतं. काल चौकीत कान लाल नव्हते. पण मुकादम गेले तर खून म्हणणार त्याला. उद्या कोर्टात नेतायत."

तिचा आवाज तिथे फाटला. पाणी आणायच्या निमित्ताने भाऊजींनी आत जाऊन तोंड धुतलं. एका गालाची दाढी राहिली ती राहिलीच.

नवरा त्याच यार्डात क्रेन चालवायचा. मेहुण्याला तिथे चिकटवलंही त्यानेच. धाकटा त्याला दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळं यार्डच त्याला दाजी म्हणू लागलं होतं. वहिनींनी विचारलं तेव्हा दाजी खाली बघत म्हणाले, की भांडण झालं, धाकटा हात धुवायला नळाकडे गेला आणि आपण लगेच क्रेन बंद करून विश्रांतीच्या खोलीत आडवे झालो. ओरडा झाला तेव्हाच उठलो.

"ट्रेलर कुठे आहे?"

"यार्डातच. बांधून होत आलाय. नवा ड्रायव्हर आलाय, दुपारपर्यंत निघेल." मग त्यांनी विचारलं, "मुकादम शुद्धीवर आले का हो? आम्हाला कुणी धड सांगत नाही."

भाऊजींना माणूस बरा वाटला. मेहुणा आत आणि हा बिचारा मुकादमाची चौकशी करतोय.

वहिनींनी चहाचा कप अर्धाच ठेवला. "भाऊजी, गाडी काढा. तो ट्रेलर गेला तर आपल्या हाती काही उरणार नाही."

वाटेत भाऊजींनी इस्पितळात फोन लावला. मुकादम अजून बेशुद्धच होता. डॉक्टर वहिनींच्या जुन्या ओळखीचे निघाले म्हणून चार वाक्यं जास्त बोलले. घाव हनुवटीवर, खालून वर आलेला. बाकी अंगावर ओरखडाही नाही. फक्त दोन्ही तळहातांना काळं ग्रीस आणि सालपटं निघालेली.

चौकीतल्या हवालदाराने थोडा वेळ दिला. धाकटा बाकावर बसला होता. बहिणीला पाहून तो उठला, मग दाजींना पाहून त्याला जरा धीर आला असावा, कारण तो सुसंगत बोलायला लागला. दाजी मात्र दाराजवळच उभे राहिले.

भांडण कशावरून झालं ते धाकट्याने हातांनी दाखवत सांगितलं. मोठे पाइप दोन रांगांत रचतात. खालची रांग झाली की तिच्याभोवती एक साखळी आवळतात, तिला म्हणायचं पोटाची साखळी. मग वरची रांग. वरचे पाइप खालच्यांच्या खाचांत बसतात आणि आपल्या वजनाने त्यांना दोन्हीकडे ढकलतात, त्यामुळे पोटाची साखळी आपण आवळली त्याच्या कितीतरी पट ताणली जाते. सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून आणखी दोन साखळ्या. पोटाच्या साखळीला स्क्रूचाच टाइटनर लागतो, फिरवून आवळायचा, फिरवून सैल करायचा. काल घाईत मुकादमाने लिव्हरचा लावून घेतला, दांडा दाबला की खट्‌कन बसणारा, आणि वरची रांगही चढवून टाकली.

"मी म्हटलं, हा माल मी नेणार नाही. पुढे जो कुणी उतरवेल त्याच्या जिवावर बेतेल. ते म्हणाले, तू कालचं पोर, मला शिकवतोस? मग माझा तोल गेला. कॉलर धरली मी त्यांची. ते खरं आहे, ताई."

"आणि तो पाइप?" वहिनींनी विचारलं.

"लिव्हरच्या दांड्यावर चढवतात तो. हातभर तुकडा, जोर मिळायला. राग उतरेना म्हणून मी बराच वेळ नळावर डोळ्यांना पाणी मारत होतो. मागे धाडकन काहीतरी आदळलं. वळून बघतो तर पाइप पडलेला. मला वाटलं मुकादमांनीच रागात फेकला. तसाच घेऊन मालकांकडे तक्रार करायला गेलो. रक्त लागलंय हे ऑफिसात मालक ओरडले तेव्हा कळलं."

"फेकणारा दिसला?"

"मधे पाइपांचा ढीग आहे. पलीकडचं काही दिसत नाही."

बाहेर आल्यावर भाऊजी हळूच म्हणाले की ही गोष्ट कोर्टात कुणी ऐकून घेणार नाही. आकाशातून पाइप पडला म्हणे. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने गाडी सुरू केली.

यार्डात लोखंड तापून वास येत होता. नळ एका कोपऱ्यात, वर पत्र्याचा आडोसा. भाऊजी सावली बघून त्याखाली उभे राहिले आणि लगेच टकलावर हात फिरवत सरकले. उन्हाचा एक कवडसा नेमका तिथेच पडत होता. वहिनींनी मान वर केली. पत्रा आत दबला होता आणि मधे फाटला होता. फाटलेल्या कडा लखलखीत होत्या, गंजाचा ठिपकाही नव्हता.

"तुमच्या टकलाचे उपकार, भाऊजी," त्या म्हणाल्या. यात काय उपकार ते भाऊजींना कळलं नाही.

ढिगाला वळसा घालून त्या ट्रेलरपाशी गेल्या. नवा ड्रायव्हर वरच्या साखळ्या टाकत होता आणि पाहुण्यांवर वैतागला होता. वहिनी डाव्या बाजूने चालत गेल्या. पाइप घरंगळू नयेत म्हणून कडेला लोखंडी खांब रोवलेले होते. मधले दोन खांब बाहेर वाकले होते. पोटाच्या साखळीला हात लावून त्यांनी बोटं भाऊजींना दाखवली. ताजं पिवळं ग्रीस. साखळीला लागलेला टाइटनर नवाकोरा होता आणि स्क्रूचा होता.

भाऊजींचा चेहरा उजळला. "म्हणजे मुकादमांनी ऐकलंच की पोराचं. बदलला."

"कुणीतरी बदलला."

भाऊजींचा चेहरा परत पडला. कारण टाइटनर बदलून झाला असेल तर मुकादम त्यानंतर पडला, आणि मग मारणारा कोणीतरी हवाच. धाकट्याच्या बहिणीला ते कळलं असावं. ती ट्रेलरच्या चाकाला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिली.

स्टोअरवाला जाडजूड आणि भित्रा होता. मुकादम भांडणानंतर लालबुंद होऊन आपल्याकडे आले, असं त्याने सांगितलं. स्क्रूचा टाइटनर मागितला आणि पुटपुटले, पोराचं खरं आहे, पण त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. नंतर बऱ्याच वेळाने स्टोअरवाला तिकडून गेला तर मुकादम उताणे पडलेले. आसपास कुणी नाही. क्रेन बंद, हूक वर ओढलेला.

"टाइटनर तेव्हा साखळीला लागलेला होता?"

"हो ना. तेच बघून मला वाटलं, काम झालं आणि मग बिचाऱ्यांना कुणी..." पुढचं त्याने गिळलं.

"आणि जुना लिव्हर?"

स्टोअरवाल्याने मान हलवली. परत आलेला नाही.

मालक आपल्या काचेच्या खोलीत घामाघूम झाले होते. माल आज पोचला नाही तर गिऱ्हाईक सुटणार होतं. मुकादमाबद्दल ते कळवळून बोलले, धाकट्याबद्दल चिडून, आणि लिव्हरचं नाव काढताच बिथरले. आपल्या यार्डात पोटाच्या साखळीला लिव्हर लावतच नाहीत, तसा नियमच आहे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. काल त्या वेळी ते गिऱ्हाइकाशी फोनवर होते.

"पोरगा नळाकडे गेलेला खिडकीतून दिसला. मग काही ऐकू येईना, क्रेन सुरू होती. मधे घरघर उतरली. पुन्हा चढली, ती इतकी की मी उठून खिडकी लावून घेतली. मग हा पोरगा पाइप घेऊन दारात. मी किंचाळलोच."

वहिनींनी शांतपणे विनंती केली, की ट्रेलर आज थांबवा. मालक हसले. पोलिसांनी बघितलाय ट्रेलर, त्यात काय ठेवलंय, म्हणाले. आणि तेवढ्यात बाहेर ट्रेलरचं इंजिन सुरू झालं.

वहिनी खिडकीतून ओरडल्या नाहीत. त्या फक्त भाऊजींना म्हणाल्या, "फाटक."

भाऊजी धावले. या वयात, या पोटाने, यार्डाच्या खडीतून ते असे धावले की स्टोअरवाला तोंड उघडून बघत राहिला. ट्रेलर वळण घेऊन फाटकाकडे येत होता. भाऊजींनी आपली छोटी गाडी आडवी घातली, बंद केली आणि किल्ली खिशात टाकून आतच बसून राहिले. लोखंडाचा तो डोंगर हळूहळू अंगावर येताना त्यांनी डोळे मिटून घेतले. ब्रेकची फुसकारी ऐकू आली तेव्हाच त्यांनी ते उघडले. आयुष्यभर नेमून दिलेल्या जागीच गाडी लावणारा तो माणूस.

मालकांनी तावातावाने पोलिसांना बोलावलं. वहिनींना तेच हवं होतं. हवालदार आले, मालक, स्टोअरवाला, नवा ड्रायव्हर, बहीण आणि दाजी, सगळे फाटकाशी उभ्या ट्रेलरभोवती जमले. भाऊजी गाडीतून उतरले खरे, पण बॉनेट धरून उभे राहिले.

"मुकादमांना कुणी मारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

बहिणीने तोंडावर हात दाबला.

"कुणाला मारायचं तर डोक्यात घालतात. हनुवटीखालून वर कोण मारेल? आणि मार खाणाऱ्याच्या दोन्ही तळहातांची सालपटं का निघावीत? तो दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून होता म्हणून, आणि हातांना नव्या टाइटनरचं पिवळं नाही, जुनं काळं ग्रीस आहे. ते निसटून हनुवटीवर बसलं. लिव्हर. वरच्या रांगेचं सगळं वजन त्या साखळीवर आलेलं, आणि मुकादमांनी दांड्यावर पाइप चढवून तो उघडला. दांडा उसळला. जबडा फोडला, आणि वर चढवलेला पाइप उडून ढिगावरून पलीकडे गेला. नळावरच्या पत्र्याला ताजं भोक आहे, हवालदारसाहेब. पोरगा खरं बोलत होता. पाइप वरूनच आला."

हवालदार नळाकडे गेले आणि डोकं खाजवत परत आले. मालकांनी मधेच अडवलं. लिव्हर उसळला असता तर साखळीला स्क्रूचा टाइटनर कसा? तो काय मुकादमाने बेशुद्धीत लावला?

"तेच मला सकाळपासून छळतंय. लिव्हर सुटला तेव्हा खालचे पाइप दोन्हीकडे सरकले. हे खांब त्यानेच वाकले. आणखी थोडा वेळ गेला असता तर खांब मोडून सगळा माल खाली पडलेल्या मुकादमांवर आला असता. तो आला नाही. कारण कुणीतरी ते पाइप परत जवळ आणून साखळी आवळली. आता मला सांगा," त्या नव्या ड्रायव्हरकडे वळल्या, "वरची रांग चढलेली असताना, एकट्या माणसाला सुटलेली पोटाची साखळी परत आवळता येईल?"

नव्या ड्रायव्हरने विचारही केला नाही. "दहा माणसांनाही नाही. वरचं वजन आधी उचलायला पाहिजे."

"कशाने?"

तो बोलायला गेला आणि थांबला. त्याची नजर आपसूक वर गेली. सगळ्यांचीच गेली, यार्डाच्या मधोमध उभ्या क्रेनकडे.

"मालकांनी क्रेन ऐकली, पोरगा नळाकडे गेल्यावर. दोनदा ऐकली. आणि ती चालवणारा म्हणतो, भांडण झाल्या झाल्या मी ती बंद करून झोपलो होतो."

भाऊजींनी दाजींकडे नाही, दाजींच्या बायकोकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या डोळ्यांत अजून. नुसती वाट बघत होती, की हा आता नाही म्हणेल.

दाजी नाही म्हणाले नाहीत. ते चालत क्रेनपाशी गेले, वर चढले, सीटखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला लिव्हर घेऊन खाली आले. तो हवालदारांच्या हातात दिल्यावर ते बोलायला लागले, तेही अगदी हळू.

भांडणानंतर मुकादम म्हणाले होते, वरची रांग जरा उचलून धर, मी टाइटनर घेऊन येतो, बदलून टाकू. दाजींनी वरच्या पाइपांना क्रेनचे पट्टे अडकवले, वजन उचलून धरलं. मुकादम स्टोअरमधून लवकर येईनात. दाजींना तहान लागली. वजन लटकत ठेवून क्रेनवाल्याने खाली उतरायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं, कालही पाळलं. वजन जागेवर टेकवलं आणि मगच उतरले. पट्टे तसेच अडकवलेले, इंजिन चालू.

"ते आले, पट्टे बघितले. त्यांना वाटलं मी धरलंय. वर मान करून बघायचं राहिलं, भांडून आले होते ना. मी पाण्याची बाटली घेऊन परततोय तोवर आवाज झाला. पाइप सरकत होते. ते खाली पडलेले. ओढायला गेलो असतो तर दोघंही गेलो असतो. म्हणून वर चढलो, वजन उचललं, मग उतरून त्यांनीच आणलेला टाइटनर लावला, मग माल टेकवला. जीव वाचवला हो मी त्यांचा."

"मग हाक का नाही मारलीत?" हवालदारांनी विचारलं.

"हातपाय गळाले. वजन टेकवलं हे मी सांगायला हवं होतं. नुसती एक हाक मारायची होती. लायसन्स गेलं असतं, तुरुंग झाला असता. मी लिव्हर लपवला आणि खोलीत जाऊन पडलो. म्हटलं, अपघात म्हणतील. तर लोक मेहुण्याचं नाव घ्यायला लागले. आज सांगू, उद्या सांगू... मुकादम शुद्धीवर आले की ते सांगतील, असं वाटत होतं. त्याचीही भीतीच वाटत होती."

तेव्हा भाऊजींना ती सकाळची चौकशी आठवली आणि ते स्वतःवरच चिडले. किती बरा वाटला होता तो माणूस. बरं, वाईट तरी कसं म्हणावं? वहिनींना ते एवढंच म्हणाले, की असं कोडं सुटण्यापेक्षा न सुटलेलं बरं. वहिनींनाही बरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

बायको नवऱ्याजवळ गेली. "रात्रभर मी रडत होते. तुम्ही शेजारी होतात. मला पाणी आणून दिलंत."



चौकीत कागद व्हायला वेळ लागला. मधे इस्पितळातून फोन आला, की मुकादमाने डोळे उघडले, हात हलवला, धोका टळल्यासारखा आहे. भाऊजींनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. दाजी भिंतीकडे तोंड करून रडले. खुनाचं कलम आता कुणालाच लागणार नव्हतं. पण बेपर्वाई होती, पुरावा दडवणं होतं, आणि ते हवालदारांनी समोर बसवून लिहून घेतलं.

धाकट्याला बाहेर आणलं तेव्हा त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. त्याने बहिणीला मिठी मारली आणि मग दाजींना त्याच बाकावर बसलेलं पाहिलं, जिथून तो नुकताच उठला होता. काय झालं ते वहिनींनी त्याला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. त्याचे कान लाल झाले नाहीत. सगळा चेहराच पांढरा झाला.

बहीण दाराशी थांबली होती. ती आत न बघता नवऱ्याला म्हणाली, "संध्याकाळी डबा पाठवीन. मी येणार नाही."

दाजींनी मान हलवली. भाऊजींना वाटलं, आता हा पोरगा त्या माणसाची कॉलर धरणार, आणि धरली तर आपण मधे पडायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना.

धाकटा दाजींसमोर जाऊन उभा राहिला.

"डबा मी घेऊन येतो," तो म्हणाला, आणि बहिणीचा हात धरून पायऱ्या उतरला.